मर रोगाची खूण : हरभऱ्याच्या वाणातली प्रतिकारशक्ती कशी ओळखतात

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्याची ओळख उसाची आणि भाताची. हरभरा इथे मागून येतो. पन्हाळा, राधानगरी, भुदरगड, आजऱ्याकडे भात निघाला की रानात उरलेल्या ओलीवर तो पेरतात. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात सोयाबीनच्या मागे घेतात आणि पूर्वहंगामी उसात आंतरपीक म्हणूनही टाकतात. बाजारात त्याची चर्चा उसाच्या दराइतकी होत नाही. तरी होळीचे पुरण, त्या पुरणामागची कटाची आमटी, रोजचा झुणका, दिवाळीचे बेसन हे सगळे याच पिकावर उभे आहे. हवेतला नत्र मुळांच्या गाठींत साठवून तो जमिनीलाही काही देऊन जातो. जगात पिकणाऱ्या हरभऱ्यातला सुमारे 70 टक्के भारतात पिकतो, आणि महाराष्ट्र त्यातल्या पहिल्या दोन-तीन राज्यांत आहे.

या पिकाचा सर्वांत जुना आणि चिवट शत्रू म्हणजे मर. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत, कधी फुलोऱ्यात, कधी घाटे भरताना, हिरवेगार झाड एकाएकी माना टाकते. पाणी दिले तरी ते सावरत नाही. उपटून पाहिले तर मुळे वरून धडधाकट दिसतात. खोड उभे चिरले की आतल्या लाकडात तपकिरी-काळी रेघ दिसते. फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीची जी जात केवळ हरभऱ्याला मर लावते, ती मुळांतून शिरून पाणी वाहणाऱ्या नलिकांत वाढते आणि झाडाचा घसा आतून बंद करते. ही बुरशी हरभरा नसतानाही जमिनीत सहा वर्षे तग धरू शकते, असे प्रयोगांतून दिसले आहे. बियाण्यातूनही ती एका रानातून दुसऱ्या रानात जाते. जमीन भिजवून टाकील असे औषध परवडत नाही. बीजप्रक्रियेने सुरुवातीचे काही दिवस संरक्षण मिळते, पण पुढे सगळा भार झाडाच्या अंगच्या ताकदीवर येतो. म्हणून या रोगाचे खरे उत्तर वाण हेच आहे, आणि हे पुस्तक त्या उत्तराकडे जाण्याच्या एका वाटेविषयी आहे. झाड मरण्याची वाट न पाहता, त्याच्या कोवळ्या पानातला डीएनए तपासून ते मर सोसणारे आहे की नाही हे कसे सांगता येते, ती ही वाट.

ही विद्या परदेशी प्रयोगशाळांत तयार होऊन आपल्याकडे आयती आली, असा अनेकांचा समज आहे. हरभऱ्याच्या बाबतीत तो फारसा खरा नाही. तिचा मोठा भाग हैदराबादजवळच्या पाटणचेरूत, राहुरीत आणि पुण्याच्या पाषाण रस्त्यावर घडला. मराठी वाचकाने तो मराठीत वाचावा, हे या लेखनामागचे मुख्य कारण आहे.

सुरुवात रोगट रानापासून करावी लागते, कारण सगळे तिथूनच सुरू झाले. 1972 मध्ये पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिथे वाय. एल. नेने आणि एम. पी. हवारे या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी मर रोगाचा अभ्यास हाती घेतला. त्यांनी मर लागलेली झाडे चिरून त्याच जमिनीत मिसळली, त्यावर पुन्हा हरभरा पेरला, पुन्हा मेलेली झाडे गाडली, आणि बुरशीने काठोकाठ भरलेले रान तयार केले. अशा रानाला इंग्रजीतूनच आलेले ‘सिक प्लॉट’ हे नाव आपल्याकडे रूढ आहे. त्यात ठरावीक अंतरावर जेजी 62 या वाणाची ओळ पेरतात. जेजी 62 ला मर हटकून लागते. ती ओळ मेली नाही तर रानात बुरशी पुरेशी नाही असे समजायचे आणि त्या वर्षीचे निष्कर्ष बाजूला ठेवायचे. ती मेली आणि शेजारची ओळ उभी राहिली, तर त्या शेजारणीत काही आहे. महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही असे रान आहे. ‘विजय’, ‘विशाल’, ‘दिग्विजय’ हे आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेले वाण तिथल्याच कडधान्य सुधार प्रकल्पातून आले.

डीएनएवरच्या खुणांच्या, म्हणजे मार्करच्या, चर्चेत या रानांचा उल्लेख ओझरता होतो, ही गोष्ट मला खटकते. डीएनएवरची कोणतीही खूण आपणहून बोलत नाही. ही खूण असलेली झाडे जगली आणि नसलेली मेली, एवढे आधी रानात कुणीतरी मोजून ठेवलेले असते, तेव्हाच तिला अर्थ येतो. रोगट रान नीट राखले नसेल तर प्रयोगशाळेतले सर्वांत महाग यंत्रही चुकीचे सांगेल, आणि ठामपणे सांगेल.

हवारे आणि नेने यांनी 1982 मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. मर एकच दिसत असली तरी बुरशी एकसारखी नसते. दहा निवडक वाणांवर देशाच्या वेगवेगळ्या भागांतली बुरशी सोडून पाहिली, तर एक वाण एका ठिकाणच्या बुरशीपुढे टिकतो आणि दुसऱ्या ठिकाणच्या बुरशीपुढे पडतो. त्यांनी भारतातले चार प्रकार वेगळे केले. या प्रकारांना शास्त्रज्ञ ‘रेस’ म्हणतात. पुढे जगभरातले मिळून आठ झाले. ‘हा वाण मर प्रतिकारक आहे’ हे वाक्य त्या दिवसापासून अपुरे ठरले. कोणत्या प्रकाराच्या मरीला प्रतिकारक, हा प्रश्न त्याला कायमचा चिकटला. गावोगावचे शेतकरी पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत की शेजारच्या तालुक्यात चाललेले बियाणे आपल्या रानात चालत नाही. त्याची इतर कारणे असतील, पण एक कारण हेही आहे.

मग प्रतिकारशक्ती झाडात असते कुठे? पहिल्या प्रकाराच्या मरीविरुद्ध किमान तीन जनुके काम करतात, असे इक्रिसॅटमधल्या संकरांतून कळले. त्यांतले एकटे जनुक झाडाला वाचवत नाही, फक्त मरण लांबवते. के-850 आणि सी-104 हे दोन्ही वाण उशिरा मरतात, पण मरतात. त्यांचा संकर केला तेव्हा पुढच्या पिढीत काही झाडे अजिबात मेली नाहीत. दोघांकडे वेगवेगळी जनुके होती, आणि ती एका झाडात आली तेव्हा पूर्ण प्रतिकार तयार झाला. हरभऱ्याच्या पैदाशीतला हा मला सर्वांत सुंदर वाटणारा प्रयोग आहे. दोन हरणाऱ्यांच्या पोटी न हरणारे झाड निघाले, आणि ‘उशिरा मरणे’ ही नुसती कमजोरी नसून तिच्यात अर्धी ताकद दडलेली असू शकते हे समजले.

इथेच पैदासकाराची अडचण सुरू होते. मरीविरुद्धची यांतली बरीचशी जनुके अप्रभावी आहेत. झाडाला आई आणि बाप दोघांकडून ते जनुक मिळाले तरच प्रतिकार दिसतो. एकाकडूनच मिळाले तर झाड बुरशीपुढे मरते, पण ते जनुक त्याच्यात असतेच. समजा, चांगले उत्पन्न देणाऱ्या पण मर लागणाऱ्या वाणात हे जनुक आणायचे आहे. संकर करायचा, आणि मग त्या संततीला पुन्हा पुन्हा मूळ वाणाशी जोडायचे, म्हणजे मूळ वाणाचे बाकीचे गुण परत येतात. पहिल्या उलट-संकरात सरासरी 75 टक्के, दुसऱ्यात 87.5 टक्के, तिसऱ्यात जवळजवळ 94 टक्के मूळ वाण परत मिळतो. पण या प्रत्येक पायरीवर जनुक असलेले झाड आणि नसलेले झाड रोगट रानात सारखेच मरतात. कोणात जनुक आहे हे कळावे म्हणून दर वेळी एक पिढी स्वपरागणाने वाढवून पाहावी लागते, आणि हरभऱ्याचा हंगाम वर्षाला एकच. शिवाय फूल इतके लहान की कळी उमलण्याआधी चिमट्याने पुंकेसर काढून दुसऱ्याचे पराग लावताना दहातली बरीच फुले गळतात, आणि धरलेल्या घाट्यात दाणे एक किंवा दोन. एवढ्या कष्टाने मिळवलेले झाड परीक्षेसाठी मारून टाकायचे, हे पैदासकाराला कसे वाटत असेल याचा विचार करा.

मार्कर इथे कामाला येतो. डीएनएच्या लांब साखळीत काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो हे वाणागणिक बदलते. एका वाणात वीस वेळा, दुसऱ्यात सत्तावीस वेळा. पानाचा लहानसा तुकडा चुरडून डीएनए काढला, नेमक्या त्या जागेच्या असंख्य प्रती केल्या आणि जेलवर विजेच्या ओढीने पळवल्या, की लांब तुकडा मागे राहतो, आखूड पुढे जातो. पट्ट्या कोणत्या उंचीवर दिसतात त्यावरून झाडाने तो भाग कोणाकडून घेतला हे सांगता येते. दोघांकडून वेगळा आला असेल तर दोन पट्ट्या दिसतात. म्हणजे जे झाड रोगट रानात आपले जनुक लपवून मेले असते, ते इथे रोपावस्थेतच ओळखू येते, आणि जिवंत राहते.

ही जागा स्वतः प्रतिकाराचे जनुक नसते, हे मात्र वाचकाने पक्के ध्यानात ठेवावे. गावात एखाद्याचे घर विचारले तर ‘पिंपळापलीकडचे’ असे सांगतात. पिंपळ म्हणजे घर नव्हे, पण तो दिसला की घर सापडते, आणि पिंपळ घरापासून जितका दूर तितकी चुकण्याची शक्यता जास्त. जनुक आणि मार्कर यांच्यातले हे अंतर सेंटिमॉर्गन या एककात मोजतात. एक सेंटिमॉर्गन अंतर म्हणजे शंभरातल्या साधारण एका वेळी दोघांची ताटातूट होते.

ही अंतरे मोजण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा नावाने रसायनांची, पण तिथे प्रभाकर रांजेकर आणि विद्या गुप्ता यांनी वनस्पतींच्या डीएनएवर काम करणारा गट उभा केला. या गटाने आधी बुरशीकडे पाहिले आणि भारतातले चार प्रकार डीएनएवरून वेगळे ओळखता येतात का हे तपासले. मग झाडाकडे वळून त्यांनी राहुरीच्या पैदासकारांबरोबर काम केले. एका बाजूला हटकून मरणारा जेजी 62, दुसऱ्या बाजूला राहुरीचा ‘विजय’. या दोघांच्या संकरातून अनेक पिढ्या स्वपरागणाने नेलेले वंश तयार झाले. प्रत्येक वंश रोगापुढे कसा वागतो आणि त्याच्या डीएनएवर कोणत्या पट्ट्या आहेत, हे शेजारी शेजारी मांडले गेले. एस. जे. एम. गौडा, पी. राधिका, नरेंद्र कडू, एल. बी. म्हसे आणि विद्या गुप्ता यांचा या कामावरचा निबंध 2009 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातून कळले की पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराच्या मरीविरुद्धची जनुके हरभऱ्याच्या एकाच जोडणीगटावर (वारशात एकत्र जाणाऱ्या जनुकांच्या गटावर), दुसऱ्या क्रमांकाच्या गटावर, जवळजवळ वसलेली आहेत. पहिल्या प्रकाराच्या जनुकाच्या एका बाजूला टीए110 हा मार्कर 2.1 सेंटिमॉर्गनवर आहे, दुसऱ्या बाजूला एच3ए12 हा 3.9 वर. तिसऱ्या प्रकाराच्या जनुकाला तर दोन मार्कर 0.2 आणि 0.7 इतक्या अंतरावर बिलगून आहेत. या आकड्यांचा व्यवहारातला अर्थ असा. एकट्या टीए110 वर विसंबले तर शंभरात दोनदा फसगत होईल. दोन्ही बाजूंचे मार्कर एकत्र पाहिले तर मधले जनुक निसटायला दोन्हीकडे एकाच वेळी ताटातूट व्हावी लागते. ती शक्यता हजारात एकाहूनही कमी आहे. टीए नावाने सुरू होणारे हे मार्कर मुळात जर्मनीतल्या फ्रँकफर्ट विद्यापीठात शोधले गेले. ‘विजय’ नगर जिल्ह्यातला, जेजी 62 जबलपूरकडचा, मोजणी पुण्यात. विज्ञान अशा देवाणघेवाणीतूनच पुढे जाते.

हरभऱ्याचा संपूर्ण जनुकसंच 2013 मध्ये वाचून झाला. शास्त्रज्ञ राजीव वार्ष्णेय यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या कामात अठ्ठावीस हजारांहून अधिक जनुके दिसली. 2021 मध्ये तीन हजारांहून अधिक वाणांचे आणि रानटी भाईबंदांचे जनुकसंच प्रसिद्ध झाले. त्यामुळे मार्करचा तुटवडा संपला. पुढच्या प्रकरणांत याचा तपशील आहे, इथे तो लांबवत नाही.

कोल्हापूरकरांना जास्त जवळचे उदाहरण सीमेपलीकडचे आहे. धारवाड जिल्ह्यातल्या अण्णिगेरी गावाच्या नावाचा ‘अण्णिगेरी-1’ हा वाण दख्खनच्या शेतकऱ्यांनी अनेक दशके जिवापाड जपला. चव चांगली, लवकर येणारा, पण मरीपुढे हतबल. रायचूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साहाय्याने त्यात डब्ल्यूआर 315 या मध्य भारतातल्या देशी वाणातली प्रतिकारशक्ती आणली. पाहणी मार्करने, उलट-संकर अण्णिगेरीशी. हा ‘सुपर अण्णिगेरी-1’ 2019 मध्ये अखिल भारतीय समन्वित चाचण्यांतून पुढे आला. महाराष्ट्रासाठीही त्याची शिफारस आहे, आणि मूळ वाणापेक्षा तो सुमारे सात टक्के जास्त उत्पन्न देतो असे चाचण्यांत दिसले. सात टक्के हा आकडा ऐकून कुणी निराश होऊ नये. तुलना चाचणीच्या रानातली आहे. मर लागलेल्या रानात खरा फरक सात टक्क्यांचा नसतो. तो पीक हाती येणे आणि न येणे यांतला असतो.

आता थोडे कडू बोलावे लागेल, कारण कोल्हापूरच्या वाचकासाठी या पुस्तकातली हीच सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे. आपण ज्याला सरसकट मर म्हणतो, ती किमान तीन वेगवेगळ्या रोगांची गर्दी असते. फ्युजॅरियमची मर ही एक. दुसरी मानकूज. रोप लहान असताना जमिनीलगतचा भाग कुजतो, त्यावर पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे गोल दाणे दिसतात. ओल जास्त आणि आधीच्या पिकाचे न कुजलेले अवशेष रानात असले की ती फोफावते. भाताच्या, सोयाबीनच्या धसकटांवर घाईने पेरलेल्या हरभऱ्यात आणि उसाच्या पाण्यावर वाढणाऱ्या आंतरपिकात तिला आयते रान मिळते. तिसरी कोरडी मूळकूज. फुलोऱ्यानंतर तापमान तिशीच्या वर गेले आणि जमीन सुकली की झाड गवताच्या काडीसारखे पिवळे पडते. उपटले तर सोटमूळ कटकन मोडते, बारीक मुळे गळून गेलेली असतात. उन्हाळा लवकर सरकू लागल्यापासून तिचा जोर वाढला आहे.

या पुस्तकात ज्या मार्करची महती आहे, ते यांतल्या पहिल्याच रोगाविषयी बोलतात. मानकुजीवर आणि कोरड्या मूळकुजीवर तितके ठाम चिन्ह पैदासकारांच्या हाती अजून आलेले नाही. या दोन रोगांत प्रतिकार लहान लहान अनेक जनुकांत विखुरलेला दिसतो आणि हवामानाबरोबर हलतो. तेव्हा मार्करने पारखलेला वाण पेरला आणि तरी झाडे मेली, तर वाण खोटा असे लगेच म्हणू नये. मेलेले झाड वेगळ्याच रोगाने मेलेले असू शकते. उलट, मर प्रतिकारक या शिक्क्यावर विसंबून ओल्या, धसकटांनी भरलेल्या रानात पेरणी करणारा शेतकरी आणि त्याला तसे करू देणारा सल्लागार, दोघेही चुकतात, आणि माझ्या मते सल्लागाराची चूक मोठी.

आणखी एक मर्यादा बियाण्याची. हरभरा स्वपरागित आहे, त्यामुळे घरचे बियाणे दोन-तीन वर्षे राखता येते, ही मोठी सोय. पण त्याच रानातले, मर लागून गेलेल्या पिकातले दाणे राखले तर बुरशीही सोबत राखली जाते. प्रयोगशाळेने दहा वर्षांत घडवलेली प्रतिकारशक्ती पोत्यात एका हंगामात भेसळ होऊन वाया जाऊ शकते. पायाभूत आणि प्रमाणित बियाण्याच्या साखळीवर या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे ते यासाठीच. मार्करवरच्या पुस्तकात बियाणे साठवण्याची चर्चा कशाला, असे एखाद्या विद्यार्थ्याला वाटेल. त्याने ते प्रकरण आधी वाचावे.

बुरशीही स्थिर राहत नाही. एकच प्रतिकारक वाण मोठ्या भागावर वर्षानुवर्षे पेरला की त्याला भेदणारा प्रकार पुढे येण्याची शक्यता वाढते. वेगवेगळी जनुके एका वाणात एकत्र करणे, वेगवेगळे वाण आलटून पालटून पेरणे, ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया, उन्हाळी खोल नांगरट आणि फेरपालट ही जुनी कामे मार्करमुळे संपलेली नाहीत. ती टाळली तर मार्करची कमाई लवकर संपेल.

हे पुस्तक कृषी आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि ज्यांना वाणाच्या पिशवीवरच्या शब्दांमागचे कळावेसे वाटते अशा शेतकऱ्यांसाठीही. गणित नको असेल त्यांनी जोडणीगट मोजण्याचे प्रकरण वगळले तरी चालेल, रोग ओळखण्याचे मात्र वगळू नये. कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातल्या आणि शिवाजी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या जिल्ह्यात कोणत्या तालुक्यात यांतला कोणता रोग किती आहे आणि फ्युजॅरियमचा कोणता प्रकार आहे, याची गावनिहाय नोंद या रब्बीपासून ठेवायला सुरुवात करा. गावी गेलात की मेलेले झाड उपटा, खोड उभे चिरा, मूळ मोडून पाहा, तारीख, गाव, आधीचे पीक आणि वाणाचे नाव लिहा, आणि नमुना कागदी पिशवीत घालून रोगशास्त्र विभागात द्या. कोल्हापूरच्या रानासाठी कोणते जनुक लागते हे त्या नोंदींवरूनच ठरवता येईल.